चमकीचं बोट

माझ्या मावशीच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ती आधी उलटी करते. बिस्किटाचा पुडा असो, साबण असो, नाहीतर डोकेदुखीचा मलम. पुढे काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. चष्मा कपाळावरून नाकावर येतो, डबी पालथी होते आणि मावशी वाचायला लागते. काका म्हणतात, लग्नाच्या दिवशी हिने मलाही फिरवून पाठीवर काही लिहिलंय का ते बघितलं असतं, पण सह्या करायची घाई होती म्हणून राहिलं.

मावशीचं पार्लर म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, भिंतीला फडताळ आणि मध्ये पडदा. पडद्यापलीकडे काका पेपर वाचत बसलेले असतात आणि गिऱ्हाइकांच्या घरातल्या सगळ्या भानगडी ऐकून घेतात. मी तिथे काम करते. बहिणीची मुलगी असल्यामुळे मला पगारही मिळतो आणि शिव्याही मिळतात. पगाराला कधीमधी उशीर होतो, शिव्यांना होत नाही.

मावशीने मला हात कसा फिरवायचा ते पहिल्या महिन्यात शिकवलं, आणि त्यानंतर आजपर्यंत वाचायलाच शिकवते आहे. "यादीत जे पहिलं नाव, ते सगळ्यात जास्त. शेवटी येतं ते चिमूटभर. म्हणजे पुढे मोत्याचं चित्र काढलं असेल आणि मागे मोती शेवटून दुसरा असेल, तर काय समजायचं?"

"मोती नावालाच आहे."

"शहाणी आहेस. पण उशिरा."

चमकणाऱ्या वस्तूंवर तिचा विशेष डोळा. लाली, काजळ यांत फसवायला जागा कमी, पण चमकलं की माणूस भुलतो असं तिचं मत. चमकीचे तिने घराणी पाडावीत तसे प्रकार पाडले आहेत. एक अभ्रक, म्हणजे जमिनीतून काढलेला, पापुद्र्यांचा, त्यावर पांढऱ्या नाहीतर लोखंडाच्या गंजाच्या रंगाचा पातळ थर चढवलेला. थर बदलला की रुपेरीचा सोनेरी होतो. दुसरा कारखान्यात बनवलेला अभ्रक. त्याचं यादीतलं नाव इतकं लांब आहे की मावशी ते कधी पुरं म्हणत नाही, "तो फ्लोरवाला" म्हणते. हा जास्त एकसारखा आणि जास्त लखलखीत. तिसरं बिस्मथ, एका धातूपासून काढलेलं. हाताला लोण्यासारखं मऊ लागतं, म्हणून बायका ते भारी समजतात, पण घाम आला की काहींना खाजतं. आणि चौथं प्लास्टिक. त्याच्यावर तर तिचा नुसता राग.

एकदा एक बाई स्वतःची टिकल्या-टिकल्यांची डबी घेऊन आली, पापण्यांना हेच लावा म्हणाली. मावशीने डबी उलटी केली.

"हे प्लास्टिक आहे. कापलेलं. शुभेच्छापत्रावर लावा, छान दिसेल."

"अहो, माझ्या नणंदेने लावलं होतं."

"नणंदेचं नशीब चांगलं. याला कडा असतात. डोळ्यात गेलं तर बुबुळावर ओरखडा उठेल. माझ्या खुर्चीत मी हे लावू देणार नाही."

बाई उठून गेली. मी म्हटलं, मावशी, थोडं गोड बोलायला काय जातं. ती म्हणाली, गोड बोलायला काही जात नाही, डोळा जातो. तिचा नियमच आहे: गिऱ्हाइकाच्या तोंडाला बिनमागचं काही लावायचं नाही. डबीवरचा कागद निघाला असेल, अक्षरं पुसली असतील, तर आतला माल कितीही चांगला असो, तो पार्लरमधून बाद.

मावशीला एकच मुलगी, बारकी. नाव लहानपणी पडलं आणि आता ती घरात सगळ्यांपेक्षा उंच असली तरी तेच चालू आहे. बारकी एका नृत्यसंस्थेत नाचते. कितीतरी वर्षं ती मागच्या रांगेत होती. लाट झाली, झाड झाली, एका प्रयोगात तर नुसता धूर झाली. मावशी प्रत्येक वेळी पुढच्या रांगेत बसून धुरातली आपली मुलगी कोणती ते शेजाऱ्यांना सांगायची. आणि मग यंदा संस्थेच्या बाईंनी नवीन नृत्यनाटक बसवलं. एक मासोळी पाणी सोडून जमिनीवर राहायला येते आणि हळूहळू वाळत जाते, अशी गोष्ट. मासोळी म्हणून बाईंनी बारकीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी बारकी घरी येऊन चप्पलही न काढता पार्लरच्या खुर्चीत बसली आणि रडली. मावशी दुसऱ्या खुर्चीतल्या बाईचे केस धुवत होती. तिने नळ तसाच चालू ठेवला आणि तीही रडली. मी नळ बंद केला.

मासोळी म्हटल्यावर चमक आलीच. कपाळापासून गळ्यापर्यंत, पापण्यांवर तर दाट थर. हे काम संस्थेच्या मेकअपवाल्याचं. सगळे त्यांना दादा म्हणतात. पोट सुटलेले, शांत गृहस्थ आहेत, बोलतात कमी.

प्रयोगाला निघतानाची घरची पद्धत ठरलेली आहे. पाण्याची बाटली, सेफ्टीपिना, जादा नाडी, टॉवेल. काका विचारणार, "किल्ली घेतलीस?" आणि बारकी दारात येऊन डोळे मिटून उभी राहणार. मग मावशी फडताळाच्या वरच्या कप्प्यातून आपला जुना पत्र्याचा डबा काढणार, बोट बुडवणार आणि दोन्ही पापण्यांवर हलकेच फिरवणार. बारकी शाळेच्या स्नेहसंमेलनात ससा झाली होती तेव्हापासून हे चालू आहे. वर दादांचा मेकअप चढायचाच असतो, त्यात हे कुणाला दिसतही नाही. पण बोट लागल्याशिवाय बारकीने उंबरठा ओलांडला नाही कधी.

मासोळीचा पहिला प्रयोग झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून बारकीच्या पापण्या खाजायला लागल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, इतके सुजले. जागरण असेल, धूळ असेल, असं म्हणत आठवडा गेला आणि सूज उतरली. दुसरा प्रयोग झाला. पुन्हा तेच, आणि या खेपेला कातडीही सोलली.

संस्थेच्या बाईंनी बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडाला साखर नाही. "पुढच्या प्रयोगाला दौरा ठरवणारे लोक येणार आहेत. दौऱ्यावर एकामागून एक प्रयोग असतात. या वेळी तुझे डोळे सुजले, तर मासोळी दुसरी करेल. मला राग नाही, पण मी डोळे मिटलेली मासोळी घेऊन कुठे फिरू?" दुसरी मुलगी म्हणजे कोण, तेही सगळ्यांना दिसत होतं. ती तालमीत कडेला उभी राहून बारकीच्या हातांची नक्कल करायला लागली होती.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. मलम दिलं आणि विचारलं, "डोळ्यांना काय काय लावता?" बारकीने बोटं मोडत सांगितलं: तोंड धुवायचं, खालचा थर, काजळ, चमक, खोट्या पापण्यांचा डिंक, पुसायचं तेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यातलं एक काहीतरी तुमच्या अंगाला चालेनासं झालंय. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं चालते आणि एक दिवस शरीर नको म्हणतं. ते एक सापडलं तर तेवढंच टाळायचं. नाही सापडलं, तर सगळंच बंद करावं लागेल." पाठीवर पट्ट्या लावून करायची तपासणी असते, पण त्यासाठी तारीख प्रयोगानंतरची मिळाली. तोवर घरी करायची एक साधी पद्धत त्यांनी सांगितली. एकेक वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावा, जिथे लावली तिथे काही उठतंय का बघा.

"बाकीचं सगळं ती कधीची लावते," मावशी रिक्षात म्हणाली. "नवी आहे ती त्या दादाची चमक. मी बघते त्याच्याकडे."

आणि बघितलंच. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन नाट्यगृहाच्या मेकअपच्या खोलीत शिरली. लांब आरसा, बल्बांची माळ, दादा पसारा आवरत होते आणि सगळ्या मुली तालमीसाठी केस बांधत होत्या. मावशीने त्यांची सोनेरी चमकीची बाटली उचलली, उलटी केली आणि चष्मा नाकावर आणला.

"हे मागचं वाचलंय कधी?"

"वाचलंय, बाई."

"वाचून लोकांच्या मुलींच्या डोळ्यांवर फासता?"

"बाकीच्यांनाही हेच लावतो. त्यांना काही होत नाही."

"बाकीच्यांची कातडी गेंड्याची असेल," मावशी म्हणाली. सगळ्या गेंड्या आरशातून बघत होत्या. मी जमिनीकडे बघत होते. "आईबापांनी डोळ्यांत तेल घालून वाढवलेली मुलगी आहे. तुमच्या हातात दिली आणि तुम्ही तिचे डोळे घालवायला निघालात."

दादांचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "रंगीत तालमीला हीच बाटली होती, दोनदा. तेव्हा तिला काही झालं नव्हतं."

"तालमीला एवढे दिवे नसतात. एवढा घाम नसतो."

"बरं," दादा म्हणाले आणि बाटली एका पिशवीत घालून मावशीच्या हातात दिली. "घेऊन जा. तपासा. सापडलं तर मलाही सांगा, मी फेकून देईन."

माणूस भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर न्यायालय बसलं. एका बाजूला दादांची बाटली. दुसऱ्या बाजूला बारकीची रोजची रुपेरी कांडी, जी ती बिनतक्रार वापरत होती, आणि पार्लरमधली चमक, जी तिने गेल्याच महिन्यात कुणाच्या तरी बारशाला की साखरपुड्याला, कशाला तरी लावली होती. मावशी दादांच्या यादीतलं एकेक नाव वाचायची, मी आणि बारकी आपापल्या डबीत शोधायचो. दोघींपैकी कुणाकडेही ते नाव निघालं, की ते निर्दोष. कारण ते बारकीच्या डोळ्यांवर बसून गेलंय आणि त्याने काही केलेलं नाही.

"अभ्रक."

"आहे," मी म्हटलं.

"सुटला. पांढरा रंग?"

"माझ्यात आहे," बारकी म्हणाली.

"सुटला. लोखंडाचा पिवळा, लोखंडाचा लाल?"

"दोन्ही आहेत."

"कथील?"

"आहे की. कथील कशाला घालतात गं?"

"अभ्रकावर थर नीट बसायला. मध्ये बोलू नकोस. तो फ्लोरवाला?"

"आहे."

काका पेपराआडून म्हणाले, "सगळेच सुटायला लागले. सरकारी वकील कच्चा आहे."

शेवटी तीन नावं उरली, जी फक्त दादांच्या बाटलीत होती: बिस्मथ, किड्यांपासून काढलेला एक लाल रंग, आणि 'सुगंध'. मावशी शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा चोर. या एका शब्दाच्या पोटात पन्नास गोष्टी लपवता येतात." तिला एकदम हुरूप आला. तिने बारकीची बाही वर केली आणि दादांची चमक कोपराच्या आत चोळली. रोज सकाळ-संध्याकाळ चोळली. पार्लरमध्ये गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी पडद्याआड जाऊन चष्मा लावून बघून यायची.

काही उठलं नाही. आठवडाभर चोळून कोपर नुसतं चमकत राहिलं. मग तिने तेच मानेवर लावलं, कारण तिथली कातडी जास्त नाजूक. तिथेही काही नाही. डिंक लावून बघितला, तेल लावून बघितलं, काजळ लावून बघितलं. बारकीचा हात नकाशासारखा दिसायला लागला आणि त्यात एकही लाल ठिपका नव्हता.

मी मावशीला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. ती लोकांना ओरडेनाशी झाली, तेव्हा मला खरी भीती वाटली. एकदा भुवया कोरताना ती मधेच थांबून म्हणाली, "सगळं वाचलं गं मी. काही राहिलं नाही." गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्याला म्हणतायत. प्रयोग जवळ आला होता. बारकी तालमीहून यायची, जेवायची, आरशात पापण्या ओढून बघायची आणि झोपायची. एकदा ती म्हणाली, "मी पुन्हा धूर झाले तर तू येशील ना बघायला?" मावशी ताट उचलून आत गेली.

प्रयोगाचा दिवस उजाडला. दुपारी निघायची वेळ झाली. पाण्याची बाटली भरली, सेफ्टीपिना घेतल्या, नाडी घेतली. काकांनी किल्लीचं विचारलं. बारकी दारात येऊन डोळे मिटून उभी राहिली. मावशीने फडताळातला डबा काढला, झाकण उघडून माझ्याकडे दिलं, बोट बुडवलं.

आणि तिच्या डाव्या हाताने डबा उलटा करायला घेतला. मुद्दाम नाही. इतके दिवस जे हातात येईल ते उलटं करून करून हाताला वळणच पडलं होतं. थोडी चमक फरशीवर सांडली. मावशीने चष्मा खाली आणला आणि डब्याचं बूड बघितलं. पत्रा होता, थोडा गंजलेला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बोट तसंच वर राहिलं.

त्या डब्याचं असं आहे. मावशी तरुणपणी ज्यांच्याकडे काम शिकली, त्या मास्तरीणबाईंनी आपलं दुकान बंद करताना तो तिला दिला. डबा कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. विरजणासारखं, थोडं राहू द्यायचं आणि त्यात नवीन घालायचं. मावशीने ते इमानाने पाळलं. पार्लरमधली कुठलीही चमक संपत आली की तळाशी उरलेली या डब्यात. वर्षानुवर्षं. कुठली बंद पडलेली कंपनी, कुणी बाहेरगावाहून आणलेली भेट, कागद निघालेल्या डब्या, सगळं त्यात होतं. गिऱ्हाइकांसाठी बाद झालेला माल कुठे जातो, हे मला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर जात होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तो डबा वस्तूंमध्ये मोडतच नव्हता. तो घरातला होता.

"बारके," मावशी म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं होतंस?"

बारकीने डोळे उघडले. "काय?"

"हे. बोट."

"त्यात काय सांगायचं? हे काय मेकअप आहे?"

"रंगीत तालमीला जाताना मी लावते का हे?"

"नाही. फक्त प्रयोगाला." बोलता बोलता बारकीचा आवाज खाली आला. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. पडद्यापलीकडे पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. काका बाहेर आले आणि त्यांनी पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

मावशीने बोट पदराला पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं, चमक काही जाईना.

"अगं, लाव ना," बारकी म्हणाली. "एवढंसं तर असतं. त्याने काय होणार? बोट न लावता मी कधी गेलेय का? आज नको असं करूस, आई, आजच नको." ती रडायच्या बेतात आली होती. तिने मावशीचं मनगट धरून बोट आपल्या डोळ्यांकडे ओढलं. मावशीने तिच्या हातावर फटका मारला. चांगला जोरात. मग संडासाशेजारच्या नळावर जाऊन कोपरापर्यंत साबण लावला, नखांत ब्रश घातला, आणि ओल्या हातांनी परत आली.

"चला," ती म्हणाली. "मी पण येते. मला काम आहे तिथे."

गाडीत बारकी खिडकीकडे तोंड करून बसली. एकदा म्हणाली, "आज माझा तोल जाणार." मावशी म्हणाली, "गेला तर जाऊ दे, डोळे उघडे ठेवून पड." यावर मला हसू आलं, पण त्या दोघी हसल्या नाहीत म्हणून मी खोकले.

मेकअपच्या खोलीत सगळ्या होत्या. त्याच मुली, तोच आरसा. मावशी मधोमध जाऊन उभी राहिली आणि पिशवीतली बाटली दादांपुढे ठेवली. मला वाटलं, कोपऱ्यात घेऊन हळूच सांगेल. आमच्या घराण्यात कुणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. आजोबा तर चुकून पाय लागला तरी समोरच्याला म्हणायचे, पाय कशाला मध्ये ठेवलास.

"दादा, तुमच्या बाटलीत काही नाही," मावशी म्हणाली, त्या दिवशी ज्या आवाजात ओरडली होती त्याच आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या घरच्या डब्यात होतं. निघताना मीच लावत होते तिच्या डोळ्यांना. तुम्हाला मी या सगळ्यांसमोर बोलले, म्हणून या सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं. आणि मुलींनो, तुमची कातडी चांगली आहे."

दादांनी बाटली उचलली, उलटी करून मावशीपुढे धरली आणि म्हणाले, "लावण्याआधी वाचून घेता का एकदा?"

"पाठ आहे मला," मावशी म्हणाली.

तिने तरी वाचली.

प्रयोग चांगला झाला. बारकीचा तोल गेला नाही. पण खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारकी खाजवतेय का, म्हणून आम्ही सगळे तिच्या हातांकडे बघत होतो. काकांनी डोळे चोळले तरी मावशी दचकायची. मी त्या रात्री तिथेच राहिले.

सकाळी जाग आली तेव्हा मावशी बारकीच्या उशाशी स्टुलावर बसली होती, चष्मा लावून. उजेड झाला तशी ती वाकून जवळ गेली. बारकीच्या पापण्या सपाट होत्या. नेहमीच्या, पातळ, निळसर शिरा दिसणाऱ्या. मावशी बघत राहिली, मग उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले, तर ओट्याला टेकून रडत होती. मी म्हटलं, मावशी, आता कशाला, झालं की सगळं चांगलं.

"एक क्षण मला वाटलं," ती म्हणाली, "सुजलेल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं बोट सुटलं असतं." आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू आता मी तिला शिव्या द्याव्यात. मला एकही सुचली नाही. मी चहाचं आधण ठेवलं.

मासोळी बारकीकडेच राहिली. दौरा ठरला. पुढे पाठीवर पट्ट्या लावून तपासणी झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी डब्यातली चिमूटभर चमकही त्यात लावली. पाठीवर तेवढ्याच जागी चट्टा उठला. त्यात नेमकं काय, ते त्यांनाही सांगता येईना. इतकं मिसळल्यावर कोण सांगणार. मावशीने घरी येऊन डबा ओल्या कागदांत पालथा केला, पुडी बांधून कचऱ्यात टाकली आणि डबा घासायला बसली. पुष्कळ जपून केलं, तरी बेसिनच्या जाळीवर, काकांच्या दाढीच्या ब्रशवर, माझ्या चपलेवर कितीतरी दिवस चमक सापडत होती. काका त्या काळात घराबाहेर जरा उजळूनच पडायचे. घासलेला डबा मावशीने फेकला नाही. त्यात आता सेफ्टीपिना असतात.

दौऱ्याला निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या, गाडी खाली हॉर्न वाजवत होती. काकांनी किल्ली विचारली. बारकी जिन्यात दोन पायऱ्या उतरली, परत वर आली आणि दारात डोळे मिटून उभी राहिली. मावशी माझ्याकडे बघायला लागली, मी काकांकडे.

मावशी आत गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. ती हात पुसत बाहेर आली, बोट उजेडात धरून चष्म्यातून नीट बघितलं, पुढून आणि मागून. मग ते कोरडं बोट तिने बारकीच्या एका पापणीवरून फिरवलं, मग दुसऱ्या.

"लागलं?" बारकीने डोळे मिटूनच विचारलं.

"लागलं," मावशी म्हणाली. "जा आता, गाडीवाला खोळंबलाय."